पस्तीस ग्रॅमचं वाळवंट

दहा रुपयांची पाच नाणी तळहातावर घ्या. पूर्ण वाढलेल्या बजरीगराचं वजन साधारण तेवढंच भरतं, ३० ते ४० ग्रॅम. त्यात लांब शेपूट आली, पिसं आली, चोच आली आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारं डोकं आलं. त्या डोक्यातला मेंदू ऐकलेला आवाज लक्षात ठेवतो आणि तोच आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून दाखवतो. हे माणसाला जमतं. आपला सख्खा नातलग चिंपांझी मात्र या परीक्षेत जवळजवळ नापास आहे.

आपल्याकडे पेट शॉपमध्ये ‘लव्हबर्ड’ म्हणून जे निळे, पिवळे, हिरवे पक्षी जोडीने विकले जातात, ते बहुतेक वेळा हे बजरीगरच असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेकडचे, आखूड शेपटीचे आणि दणकट चोचीचे. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या मानेवर-पाठीवर काळ्या लाटा असतात आणि गळ्यावर टिकल्या. नावात फरक पडला म्हणून बिघडत नाही, पण आपण नक्की कुठला पक्षी घरी नेतोय हे माहीत हवं, कारण त्याच्या संगोपनातली प्रत्येक गोष्ट तो मुळात कुठून आला यावर ठरते.

त्याआधी मिठूचा प्रश्न मिटवून टाकू. छोटा पोपट आणायचा म्हटलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला राघूच आठवतो. तो आणता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्या रानातला पोपट पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. ‘अहो साहेब, सगळेच पाळतात’ हे विक्रेत्याचं वाक्य कोर्टात चालत नाही. परदेशी पोपटांचं वेगळं. कन्युअर, आफ्रिकन ग्रे अशा पक्ष्यांची केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकाटील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतच नाहीत, त्यामुळे त्यांना ती भानगड नाही. म्हणून पहिल्यांदाच पक्षी आणणाऱ्याला मी बजरीगरच सुचवतो.

आता त्याच्या माहेराकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागात पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही. एखादं वर्ष कोरडं जातं, दोन जातात, आणि मग अचानक सरी कोसळतात. गवत उगवतं, बी धरतं. बजरीगरांचे थवे या पावसामागे भटकत राहतात. चांगल्या वर्षी एकेका थव्यात हजारो पक्षी असतात, आणि पाणवठ्यावर असा थवा वळला की सगळं आभाळ एकदम हिरवं होऊन पुन्हा करडं होतं. बी पिकलं की घाई सुरू. निलगिरीच्या ढोलीत मादी एक दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी घालते. प्रत्येक अंडं साधारण १८ दिवसांनी फुटतं, त्यामुळे एकाच ढोलीत थोरलं पिल्लू पिसं फुटण्याच्या बेतात असतं तेव्हा धाकटं नुकतंच डोळे मिटून पडलेलं असतं. महिना-सव्वा महिन्यात पिल्लं उडतात. गवत वाळायच्या आत सगळं उरकायचं असतं.

हे गणित त्याच्या अंगात इतकं भिनलंय की दीडशेहून अधिक वर्षं पिंजऱ्यात काढूनही ते सुटलेलं नाही. आणि इथेच आपली एक लाडकी पद्धत त्याच्या जिवावर उठते. पिंजऱ्यात मडकं टांगायची. माणसाला वाटतं, बिचाऱ्यांना घर केलं. पक्ष्याच्या लेखी मात्र अंधारी ढोली आणि वाटीभर दाणे म्हणजे पाऊस झाला! मादी अंडी घालते, ती उबवते, पुन्हा घालते, पुन्हा घालते. प्रत्येक कवचासाठी कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. शेवटी एखादं अंडं आतच अडकतं आणि सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली सापडते. पिल्लं वाढवायचा अभ्यास आणि इरादा नसेल तर मडकं दुकानातच राहू द्या.

रंगाची गोष्ट याहून नवलाची आहे. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले तेव्हा ते हिरवेच होते. रानात आजही हिरवेच असतात. मग दुकानातला निळा कुठून आला? तर हिरव्यातूनच. बजरीगराच्या पिसात हिरवा रंग असा नसतोच. पिसाच्या आत अतिसूक्ष्म जाळीदार रचना असते, ती उजेडातला निळा भाग परत फेकते. तिच्यामागे काळं मेलॅनिन असतं, ते बाकीचा उजेड गिळतं. वरून एक पिवळं रंगद्रव्य असतं. निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवं. हे पिवळं द्रव्य फक्त पोपटांच्या कुळाकडे आहे, आणि फ्लेमिंगोसारखं ते खाण्यातून येत नाही, पोपट स्वतःच तयार करतो. २०१७ मध्ये संशोधकांनी त्याचा जनुक शोधून काढला. निळ्या बजरीगरात त्या जनुकाने बनवलेल्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. एक अक्षर चुकलं, पिवळं गेलं, निळं उरलं. उलट मेलॅनिन गेलं तर निळ्याला पाठच राहत नाही आणि पक्षी पिवळाधमक दिसतो.

याच्याही पुढची गंमत आपल्याला दिसतच नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, बजरीगराच्या डोळ्यांत चार. चौथी अतिनील उजेड टिपते. त्याच्या डोक्यावरची पिवळी पिसं हा अतिनील उजेड शोषून पिवळी झळाळी परत फेकतात, आणि २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात दिसलं की ही झळाळी झाकली तर विरुद्ध लिंगाच्या पक्ष्याचा त्याच्यातला रस कमी होतो. आपण दुकानात ‘हा निळा द्या’ म्हणत असतो, तेव्हा पिंजऱ्यातली मादी शेजारच्या नराचं कपाळ आपल्याला अदृश्य असलेल्या उजेडात पारखत असते. तिची पारख बहुधा आपल्यापेक्षा बरी असावी, कारण रंगावरून तब्येत आपल्याला अजिबात कळत नाही.

तब्येत ओळखायची तर या पक्ष्याच्या सर्वांत मोठ्या कसबाशी गाठ पडते. तो आजार लपवतो. हजारांच्या थव्यात ससाण्याची नजर जाते ती जो वेगळा उडतो, मागे राहतो, पिसं फुलवून बसतो त्याच्यावर. आजारी दिसणं म्हणजे मरणं. म्हणून आजारी बजरीगर शेवटपर्यंत शाबूत असल्याचं सोंग वठवतो. भांड्यापाशी जाऊन दाणे उचलतो, चोचीत घोळवतो आणि न गिळता टाकून देतो. लांबून वाटतं, जेवतोय. आपल्याला त्याचा आजार दिसतो तो सोंग धरण्याची ताकदच संपल्यावर, म्हणजे बहुतेकदा उशिरा.

म्हणूनच दुकानात पिंजऱ्याला नाक लावू नका. माणूस जवळ आला की सगळेच पक्षी अंग चोरून, पिसं चापून सडपातळ होतात आणि सगळेच निरोगी दिसतात. चार पावलं मागे व्हा, दुकानदाराशी दाण्यांच्या भावाबद्दल गप्पा मारा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहा. थोड्या वेळात सोंगं उतरतात. एका पायावर बसून डुलकी काढणारा पक्षी ठीक आहे. भर दुपारी दोन्ही पायांवर, फुगून, डोळे मिटून बसलेला ठीक नाही. श्वासागणिक शेपूट वर-खाली होत असेल तर तो पक्षी नकोच. नाकपुड्यांच्या वरची पिसं ओली किंवा चिकटलेली, चोचीच्या कडेला खरखरीत पांढरी खपली (ही एका सूक्ष्म किडीची करणी, चोच आणि पाय पोखरते), शेपटीखाली माखलेली पिसं, उडण्याची पिसंच नसलेलं पिल्लू, यांतलं काहीही दिसलं तर त्या पिंजऱ्यातला दुसरा पक्षीही घेऊ नका. दया येते, मान्य. पण आजारी पक्षी दयेपोटी विकत घेतला की दुकानदार उद्या त्याच जागी दुसरा आजारी पक्षी आणून ठेवतो.

पिंजऱ्याच्या तळाचा कागद मात्र जवळून बघा. इथे लाजायचं कारण नाही. जाणकार पक्षीपाळणारे आधी विष्ठा बघतात, मग पक्षी. ताजी, निरोगी विष्ठा चार-पाच मिलिमीटरची असते आणि तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. बाहेरून गडद हिरवं किंवा तपकिरी वेटोळं. मधोमध चुन्यासारखा पांढरा ठिपका. भोवती कागदावर उमटलेली पाण्याची बारीक कड. हिरवं ते अन्नाचं शिल्लक. पांढरं ते मूत्र! उडणाऱ्या प्राण्याला पाण्याने भरलेलं मूत्राशय बाळगणं परवडत नाही, आणि वाळवंटातल्याला तर नाहीच. म्हणून पक्षी नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या घट्ट लगद्यात बांधून, जवळपास पाणी न दवडता बाहेर टाकतो. त्या पांढऱ्या ठिपक्यात सगळं वाळवंट आहे. तो पिवळट किंवा हिरवट झाला तर यकृताकडे संशय जातो. प्रवासानंतर एखाददुसरी विष्ठा पातळ आली तर घाबरायचं नाही, तो धसका असतो. दुसऱ्या दिवशीही पाणीच पाणी असेल तर मात्र डॉक्टर.

आवडलेला पक्षी विक्रेत्याला हातात धरायला सांगा आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना भरीव मांस लागलं पाहिजे. हाडाची धार बोटाला टोचली तर पक्षी कित्येक दिवस उपाशी आहे. धरताना छाती दाबली जात नाही ना, तेही बघा. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही. छाती पुढे-मागे हलली तरच हवा आत जाते. प्रेमाने घट्ट धरलेला बजरीगर मुठीतच गुदमरू शकतो.

वय ओळखणं सोपं आहे. पिल्लाच्या कपाळावर काळ्या रेषा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा सगळाच काळा असतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडतात, कपाळ स्वच्छ होतं, आणि पुढे डोळ्यात पांढरट कडं उमटतं. चोचीवरची नाकपुड्यांभोवतीची गुळगुळीत त्वचा नरात निळी होते, मादीत तपकिरी किंवा पांढरट. काही रंगांच्या जातींत हा नियम फसतो, पण एकंदरीत चालतो. सहा ते आठ आठवड्यांचं, स्वतः दाणे फोडून खाणारं पिल्लू माणसाळायला सर्वांत बरं. ‘हाताने भरवायला लहानच न्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पायात न उघडणारी कडी असेल तर तिच्यावरचं साल वाचा. ती कडी पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात जाते, नंतर जातच नाही, त्यामुळे तिच्यावरच्या सालावर विश्वास ठेवता येतो.

घरी आणल्यावर घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्यांचं दाणापाणी, मग नव्याचं, मग साबणाने हात. ही शिस्त कशासाठी, हे १९२९-३० च्या हिवाळ्यात जगाला कळलं. अमेरिकेत अ‍ॅनापोलिसमध्ये नाताळसाठी आणलेला एक पोपट मेला आणि पाठोपाठ घरची माणसं न्यूमोनियासारख्या तापाने पडली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांबरोबर हा ताप अनेक देशांत पसरला आणि शेकडो लोक आजारी पडले. हा सिट्टाकोसिस, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे येणाऱ्या जिवाणूचा आजार. आज डॉक्सिसायक्लीनने तो बरा होतो, पण निदान व्हायला हवं. म्हणून तळाचा कागद आधी ओला करून मग उचलायचा, आणि घरात कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना ‘घरी पक्षी आहे’ हे न विचारता सांगायचं.

जिवाणूपेक्षा लवकर मारते ती आपली हवा. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. त्यांना जोडलेल्या नऊ पिशव्या भात्याचं काम करतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. आत घेतलेली हवा बाहेर पडायला दोन श्वास लागतात, आणि या वाटेत पक्षी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू काढून घेतो. अर्थात विषही तितक्याच सफाईने घेतो. खाणकामगार याच कारणासाठी कॅनरी पक्षी खाली नेत. ब्रिटनच्या कोळसा खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत होती. आपल्या घरातल्या खाणी साध्या दिसतात: गॅसवर रिकामा राहून तापलेला नॉनस्टिक तवा, मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर, रंगकाम, फिनेल. जास्त तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात, आणि माणसाला साधा वासही आलेला नसतो. पिंजरा स्वयंपाकघरात नको, देवघराजवळही नको. आणि पक्षी मोकळा सोडण्याआधी छताचा पंखा बंद. भारतीय घरातला हा सर्वांत साधा आणि सर्वांत विसरला जाणारा नियम आहे.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा घ्या, कारण हा पक्षी हेलिकॉप्टरसारखा वर चढत नाही, आडवा उडतो. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून कमी. नव्या जस्ताच्या जाळीचा पिंजरा असेल तर ब्रशने व्हिनेगर लावून घासून, धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर तार कुरतडताना जस्त पोटात जातं. बसायला एकसारख्या जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या नकोत, औषध न मारलेल्या पेरूच्या झाडाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा. आरसा लावू नका, असं माझं मत. त्यापेक्षा दुसरा बजरीगर आणा.

खाण्याचं म्हणाल तर दुकानातली ‘कांग’ म्हणजे आपला राळा. सोलापूरकडे भोगीला ज्याचा भात होतो तोच. राळ्याचं अख्खं कणीस हातात धरून शांत बसणं ही पक्षी माणसाळवायची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत चांगली युक्ती. पण नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतात चरबी साठते, आयोडीन कमी पडलं तर गलगंडही होतो. पहिले आठ-दहा दिवस दुकानात खात होता तेच द्या, मग हळूहळू कोथिंबीर, मेथी, लाल माठ, किसलेलं गाजर सुरू करा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारी ती पांढरी, हलकी पाठ माकुलाच्या जातीच्या जिवाची असते. आव्होकाडो, चॉकलेट, कांदा, खारवलेले पदार्थ बंद. मिरची मात्र खुशाल द्या! तिखटपणा आपल्याला ज्या चेतापेशींमुळे लागतो त्या पक्ष्यांत मिरचीतल्या कॅप्सेसिनला दाद देत नाहीत. मिरचीने हा तिखटाचा पहारा बी चावून टाकणाऱ्या उंदरांसाठी बसवलाय, बिया दूर नेणाऱ्या पक्ष्यांना दार मोकळं ठेवलंय.

आणि बोलणं. तरुण नराची जोडी जमली की तो काही आठवड्यांत स्वतःची हाक बदलून मादीच्या हाकेसारखी करतो. एकटा राहिलेला नर हेच कसब माणसावर वापरतो, कारण त्याच्या लेखी घरातली माणसंच थवा. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगराच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनेस विक्रम आहे. पक १९९४ मध्ये मेला. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात बजरीगराच्या मेंदूत आवाजांचा असा नकाशा दिसला की तो गाणाऱ्या पक्ष्यांपेक्षा माणसाच्या मेंदूतल्या नकाशाशी जास्त जुळतो. त्यांची जांभईही एकमेकांना लागते. तुमचा पक्षी कदाचित कधीच बोलणार नाही. मादी असेल तर शक्यता आणखी कमी. त्यासाठी त्याला आणू नका.

रोज सकाळी, खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला तोला आणि वहीत लिहा. ३५ ग्रॅमचा पक्षी ३१ वर आला म्हणजे ६० किलोच्या माणसाचं जवळपास सात किलो वजन गेलं. सोंग चेहऱ्यावर वठवता येतं, काट्यावर नाही. आणि पिंजऱ्याआधी पक्ष्यांचा डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासतात असं नाही. जवळ कोणी नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आधी फोन करून विचारा. खाणं सोडलेल्या बजरीगराच्या हाती फार तर एखादा दिवस असतो, त्या दिवशी पत्ता शोधत बसायला वेळ मिळत नाही.